खाडीतलं भूत

"मेला," मी म्हटलं.

"कसा?"

"विमानातच. जळून."

"तू पाहिलंस?"

"पाहिलं."

विंग कमांडर रझवीनं खिशातून रुमाल काढला आणि जोरात नाक शिंकरलं. त्याला त्या आठवड्यात भयंकर सर्दी झाली होती, आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण मला त्या सर्दीचाच आधार वाटत होता. म्हणजे बघा ना, कराचीजवळची कुठलीतरी लष्करी इमारत, खोलीला एकच झरोका, दारात बंदूकवाला, माझे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेले, आणि समोर बसलेला शत्रू शिंकतोय! असा माणूस आपल्याला काय करणार, असं वाटायचं.

त्यानं रुमालाची नीट घडी केली. मग म्हणाला, "नाव?"

"फ्लाइंग ऑफिसर मुकुंद फणसाळकर." आणि पुढे नंबर.

"शाबास बेटा. बरखुर्दार, तुमच्याकडे जे शिकवतात तेच आमच्याकडेही शिकवतात. इंग्रजांनी दोघांनाही एकाच फळ्यावर शिकवलं. पकडले गेलात तर नाव, हुद्दा, नंबर. तीन गोष्टी. बाकी तोंडाला कुलूप. काल मी तुला तळ विचारला, गप्प. विमानं किती, गप्प. पुढचं लक्ष्य कुठलं, गप्प. मला बरं वाटलं, पोरगा चांगल्या घरचा आहे. पण पायलट कुठे म्हटलं की लगेच उत्तर. मेला!" तो पुढे वाकला. "ही चौथी गोष्ट मला का सांगितलीस?"

अरे, त्याचं खरं होतं. गप्प बसलो असतो तर तो जन्मभर चाचपडत राहिला असता. मी हुशारी करायला गेलो, आणि त्या हुशारीनंच त्याला सांगितलं की पायलट जिवंत आहे.

आणि तो होता जिवंत. मी पाहिलं होतं.

थांबा, आधी विमानाचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचं कॅनबेरा. माणसं दोन. पायलट वर काचेच्या घुमटाखाली, त्याला इजेक्शन सीट. दांडा ओढला की खुर्चीसकट तोफेच्या गोळ्यासारखा बाहेर. आणि नॅव्हिगेटर म्हणजे मी, खाली नकाशे घेऊन, मला आपली साधी खुर्ची! विमान पडायला लागलं तर मी छातीला पॅराशूट अडकवायचं, सरपटत दाराशी जायचं, दार उघडायचं, मोठ्यानं 'नॅव्हिगेटर बाहेर' असं ओरडायचं आणि उडी टाकायची. ते पण विमान सरळ चाललं असेल तर. ते गिरक्या घ्यायला लागलं की दारापर्यंत पोचतच नाही माणूस. म्हणजे माझा जीव कुणाच्या हातात? पायलटच्या. तो आधी गेला तर मी संपलो.

माझे पायलट स्क्वाड्रन लीडर चेंगप्पा. कूर्गचे, सहा फूट, मिशा अशा की ऑक्सिजनचा मुखवटा नीट बसायचा नाही. मला फणसाळकर म्हणायला त्यांची जीभ वळेना, म्हणून 'फणस'. उड्डाणाआधी मी यादी वाचायचो, ते एकेकाला उत्तर द्यायचे. ब्रेक? चेक्ड. फ्लॅप्स? चेक्ड. आणि शेवटी, "सीट पिन्स?" म्हणजे इजेक्शन सीटच्या सुरक्षेच्या पिना काढल्या का. पुस्तकातलं उत्तर एकच, 'आउट'. पण चौदा महिन्यांत चेंगप्पा सरांनी ते उत्तर एकदाही दिलं नाही. दर वेळी म्हणायचे, "आफ्टर यू, फणस."

सुरुवातीला मला वाटलं, विनोद आहे.

एकाहत्तरच्या युद्धाच्या तिसऱ्या दिवशी पहाटे आम्ही टाकायचं ते टाकलं, वळलो, आणि उजव्या इंजिनाला तोफेचा गोळा लागला. आग थेट माझ्या कप्प्यात. हात तेव्हाच भाजले. वरून सर ओरडले, "फणस, निघ!" मी म्हटलं, "सर, तुम्ही?" तर म्हणाले, "गाडी धरून ठेवलीय मी. भाषण नको, निघ!" आणि त्यांनी ती धरून ठेवली हो! जळणारं विमान, एक पंख खाली झुकत चाललेला, आणि त्यांनी ते सरळ ठेवलं. किती वेळ? माझ्या भाजलेल्या हातांना दाराचा खटका सापडेपर्यंत. मी 'नॅव्हिगेटर बाहेर' ओरडलो आणि उडी टाकली. माझं पॅराशूट उघडलं. आणि मग खूप खाली, फार म्हणजे फारच खाली, खाड्यांच्या बाजूला दुसरं पॅराशूट उघडलेलं दिसलं. इतक्या खाली उघडलं तर माणूस धड उतरत नाही. पण उघडलं होतं.

मला अर्ध्या तासात पकडलं. त्यांना नाही.

तर म्हणून मी रझवीला 'मेला' म्हटलं. त्यांना कुणी शोधू नये, त्यांना कच्छच्या रणाकडे सरकायला एक दिवस मिळावा, दोन मिळावेत. शिवाय सर फ्लाइट कमांडर. पुढच्या आठवड्याची सगळी लक्ष्यं त्यांच्या डोक्यात.

माझ्या कैदेच्या तिसऱ्या दिवशी सकाळी ड्रेसिंग करायला नवाच माणूस आला. पन्नाशीचा, बुटका, डोक्यावर गोल टोपी, हातात पत्र्याचा डबा. दारातल्या पंजाबी शिपायाला सलाम करून आत आला, माझ्या हाताची पट्टी सोडायला लागला, आणि खाली मान घालून म्हणाला, "दुखला तर सांग हां. उगाच वाघ होव नको."

मराठीत! अरे, नुसत्या मराठीत नाही, आमच्या कोकणातल्या मराठीत!

"चाचा, तुम्ही कुठले?"

"मी हय‍ंचाच, कराचीचा. बापूस हर्णैचा. गोदीत कामाला आला, ऱ्हवला. हसन परकार माजा नाव. तुजा गाव कंचा?"

"आंजर्लं."

त्याचा हात थांबला. "म्हणजे खाडीच्या पलीकडचा तू! हर्णैचा किल्ला दर्यात हाय ना रे? बापूस सांगायचा. मी काय बगला नाय."

"आहे. बारा महिने चारी बाजूंनी पाणी."

"बगितलास? म्हणजे खोटा नव्हता बोलत म्हातारा." आणि तो हसला, असा हसला की मला तिथल्या तिथे रडू येईल असं वाटलं. तीन दिवस उर्दू, इंग्रजी, आणि 'चौथी गोष्ट'. आणि आता हे.

मग त्यानं मलम लावता लावता, आवाज न बदलता म्हटलं, "तुजा जोडीदार जिता हाय."

मी दारातल्या शिपायाकडे पाहिलं.

"माज्या बायकोचा भाव मासे मारतो तिकडं, खाडीत. एक रिकामा झोपडा हाय, त्यात बसलाय तो मिशीवाला. पाय मोडलाय. हाड भायेर आलाय. पोरांनी पानी ठेवला तर ता घेतो, पन जवळ कोन गेला की पिस्तूल दाखवतो. परवा एक गोळी मारलान पन, हवेत. आमी त्याला होडीतून न्हेऊ शकतो रे, तुमच्या बाजूला. पन तो इश्वास ठेवीत नाय. तू कायतरी निरोप दे."

आता तुम्हीच सांगा, काय करायचं? बोला ना! हा माणूस खरा असेल तर सर त्या झोपडीत सडतायत आणि माझ्या एका शब्दावर सुटतायत. आणि हा रझवीचा माणूस असेल, तर मी 'हो, जिवंत आहेत' म्हटलं की खलास. मराठी बोलतो म्हणून काय विश्वास ठेवायचा? मराठी बोलणारे चोर मी काय कमी पाहिलेत?

मी म्हटलं, "चाचा, माझा पायलट मेला. मी पाहिलंय."

"मंग झोपड्यात बसलाय तो कोन? भूत?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "असेल! विमानात मेलेला माणूस. ना अग्नी, ना पाणी. आमच्याकडे असली माणसं जातात कुठे? पिंपळावर, नाहीतर खाडीवर."

परकार माझ्याकडे बघत राहिला. त्याचा बाप हर्णैचा होता, त्याला भुतांचं काय सांगायचं! तो हळूच म्हणाला, "मिशीवाला भूत."

"मिशीवालंच. आणि भुताशी बोलायचं तर रीत असते ना चाचा? आधी विचारायचं, बाबा तू कोण, काय हवंय तुला."

"काय इचारू त्याला?"

मी म्हटलं, "फक्त दोन शब्द. लांबूनच ओरडून विचारा. 'सीट पिन्स?' काय उत्तर देतं ते जसंच्या तसं मला सांगा. पण लक्षात ठेवा, माझा पायलट मेलाय."

"मेलाच तो," परकार म्हणाला, आणि डबा बंद करून गेला.

मी मनात हिशेब मांडला होता तो असा. सर मोकळे असतील, माणसं खरी असतील, तर ते 'आफ्टर यू' म्हणतील, कारण ते दुसरं काही म्हणतच नाहीत. आणि तिथं काही गडबड दिसत असेल, झाडाआड शिपाई, बुटांचे ठसे, काहीही, तर ते पुस्तकातलं उत्तर देतील. आम्ही असं कधी ठरवलं नव्हतं हां. पण चौदा महिने एका यंत्रात बसलेल्या माणसांना ठरवावं लागत नाही.

तो दिवस गेला. म्हणजे कसा गेला ते विचारू नका. दुपारी रझवी आला. खुर्ची ओढली, बसला, सर्दी जरा कमी होती. "जेवण बरं आहे?"

"बरं आहे."

"हात?"

"बरे आहेत."

"घरी कोण कोण?"

मी माझा नंबर सांगितला. तो हसला, उठला, माझ्या उशाशी दोन संत्री ठेवली आणि निघून गेला.

बाराएक मिनिटं मी संत्र्यांकडे बघत बसलो. काहीतरी चुकत होतं आणि मला ते सापडेना. आणि मग एकदम डोक्यात उजेड पडला. त्यानं पायलटचं विचारलं नाही! तीन दिवस दर वेळी पहिला प्रश्न तोच, आणि आज जेवण बरं आहे का?

ज्याला उत्तर ठाऊक असतं तो विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी परकार आला. त्याच्याकडे बघूनच कळलं की झोप झालेली नाही. त्यानं पट्टी सोडली. शिपाई दारात विडी ओढत होता.

"इचारला भुताला."

"मग?"

"आदी कायच बोलला नाय. लय येळ. मना वाटला, गेला. मंग एकच शब्द बोलला. आउट."

मी दाराकडे पाहिलं. शिपाई धूर सोडत होता.

"बरोबर हाय ना? हाच ना उत्तर?"

"हेच," मी म्हटलं. म्हणजे सापळा. म्हणजे झोपडीला वेढा पडलाय, सरांना तो दिसलाय, आणि मोडक्या पायानं, तापात, त्यांनी लय येळ विचार करून मला एका शब्दात सांगितलंय, फणस, ह्या माणसाला काही देऊ नकोस. मी इथंच बसतो.

आणि बसणार म्हणजे काय? रझवीला ते जिवंत हवे होते. मेलेला फ्लाइट कमांडर काही सांगत नाही. शिपाई आत घुसले तर सर गोळी घालणार, त्यांना नाहीतर स्वतःला. म्हणून हा सगळा खटाटोप. माझ्याकडून एक शब्द घ्यायचा आणि पिस्तूल खाली ठेवायला लावायचं.

"चाचा," मी म्हटलं, "मेव्हणा खरा आहे का हो तुमचा?"

त्यानं वर पाहिलं नाही. भाजलेल्या कातडीवर कापूस फिरत राहिला. "मेव्हना खरा हाय. झोपडा खरा हाय." मग जरा थांबून, "मना तीन पोरी हायत रे."

बस. एवढंच. त्यानं मला फसवलं असं तुम्ही म्हणाल, पण त्या क्षणी त्यानं मला सगळं सांगून टाकलं होतं.

"पाय कसा आहे त्यांचा? खरं सांगा. बापाची शपथ."

"खरा सांगतंव. मी सोता बगितला, काल, दुर्बिणीतनं. मी तीस वर्सं ड्रेसिंग करतंय. घोट्याच्या वर हिरवा पडलाय. वारा आला की वास येतो. आज कापला तर गुडघ्याखाली जाईल. परवा कापला तर मांडीतनं. त्याच्या पुढं..." त्यानं नवीन पट्टी गुंडाळायला घेतली. "दोन दिसांत ता भूत खरोखरचा भूत होईल."

आता बघा, मी तेवीस वर्षांचा. शिकवलं काय होतं? तीन गोष्टी. आणि माझ्या कॅप्टननं मला हुकूम दिला होता, एका शब्दात, साफ. मी फक्त तोंड बंद ठेवायचं होतं, एवढंच. तोंड बंद ठेवलं की मी चांगला अधिकारी, ते हुतात्मा, आणि सगळी लक्ष्यं त्यांच्याबरोबर मातीत. आणि तोंड उघडलं तर? ह्यांच्या हातात पडले, आणि ह्यांनी बोलतं केलं, तर कुठल्या तळावर कोण मरेल कोणास ठाऊक. आमच्याच स्क्वाड्रनमधली पोरं. बक्षी, नायर, सगळी. हे सगळं माझ्या डोक्यात एकदम, तो पट्टीचे वेढे देत असताना. एक वेढा, दुसरा वेढा. पट्टी संपली की तो जाणार होता.

गाठ मारताना मी म्हटलं, "लिहून नाही घ्यायचं. पाठ करा. त्यांना सांगा, उत्तर पोचलं."

"उत्तर पोचला."

"समजलं."

"समजला."

"नॅव्हिगेटर बाहेर आहे. आता तुम्ही निघा."

त्यानं ते इंग्रजीत माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं, ओठ हलवत पाठ केलं, शाळेतल्या मुलासारखं. जाताना दारात वळला, काहीतरी बोलणार होता, पण शिपायानं विडी टाकली आणि तो गेला. पुन्हा मला तो कधीच दिसला नाही.

संध्याकाळी रझवी आला. उभाच राहिला.

"आणलं त्याला. तुझा निरोप ऐकला, बराच वेळ काही हालचाल नाही. मग पिस्तूल बाहेर फेकलं. डॉक्टरांनी पाय कापलाय, गुडघ्याखाली. जगेल." त्यानं टोपी डोक्यावर ठेवली. "शुक्रिया, बरखुर्दार."

मला मारलं असतं ना, तरी चाललं असतं. तुम्ही नेहमी विचारता, मारलं का रे तुला तिथं? नाही मारलं. शुक्रिया म्हणाला.

त्यानंतर नवव्या दिवशी युद्ध संपलं.

पुढचे साडेचार महिने मी एकटाच एका कोठडीत. तेवढ्या वेळात मी चेंगप्पा सरांशी किती बोललो असेन, मनात! कधी ते शिव्या द्यायचे, कधी मिठी मारायचे, मला दोन्ही चालत होतं. मग मे महिन्यात सगळ्या वैमानिकांना एका छावणीत आणलं. अंगणात दहा-अकराजण, आरडाओरड, मिठ्या, कुणीतरी पत्रे वाजवतंय. आणि भिंतीला टेकून, काखेत धरलेल्या एका काठीवर, चेंगप्पा सर. मिशा पांढऱ्या झालेल्या. पायजम्याच्या एका पायाला खाली गाठ मारलेली.

मी पुढे झालो. "सर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि तोंड फिरवलं.

अकरा दिवस! अकरा दिवस एका अंगणात, एका जेवणाच्या बाकावर, आणि एक शब्द नाही. बाकीच्यांना कळेना. ते म्हणायचे, अरे, हा तुझा कॅप्टन, ह्यानं तुझा जीव वाचवला, जा ना पाया पड. मी काय सांगणार?

बाराव्या दिवशी दुपारी मी सावलीत शर्टाचं बटण लावत बसलो होतो. काठीचा टकटक आवाज आला. ते बाजूला येऊन बसले. बसायलाच मिनिटभर लागलं त्यांना. मी मदतीला हात पुढे केला नाही, धीर झाला नाही.

"माझं उत्तर पोचलं होतं तुला?"

"पोचलं होतं सर."

"काय होतं?"

"आउट."

"अर्थ कळला होता?"

"कळला होता."

"म्हणजे ते बाहेर टपून बसलेत हे तुला माहीत होतं. मी नको म्हणालोय हे माहीत होतं. आणि तरी तू मला निघायला सांगितलंस."

"हो सर."

ते अंगणाकडे बघत होते. तिथं पोरं चिंध्यांच्या चेंडूनं क्रिकेट खेळत होती. "सहा गोळ्या होत्या माझ्याकडे. एक हवेत मारली. राहिल्या पाच. चार त्यांना, एक मला. मी नीट ठरवलं होतं फणस. घाबरलो नव्हतो. मनाची तयारी झाली होती, फार छान शांत वाटत होतं. आणि तो म्हातारा लांबून ओरडतो, नॅव्हिगेटर बाहेर आहे." त्यांचा आवाज एकदम चढला. "विमानात कॅप्टन कोण होता?"

"तुम्ही सर."

"कोणी कधी निघायचं ते कोण ठरवतं?"

"तुम्ही."

"मग तुला कोणी विचारलं होतं?"

मी सुई-दोरा खाली ठेवला. "कोणीच नाही सर."

"त्यांनी एकवीस दिवस मला विचारलं. पाय कापलेल्या माणसाला. युद्ध संपल्यावरही विचारत होते. मी काही बोललो नाही. पण बोललो असतो तर? ते कोणाच्या डोक्यावर आलं असतं?"

"माझ्या."

"एवढा विचार केला होतास?"

"केला होता सर. पट्टी बांधून होईपर्यंत."

त्यांनी काठी हातात घेतली. मला वाटलं आता उठतील आणि पुन्हा अकरा दिवस, नाहीतर अकरा वर्षं. खरं सांगू? मी तयार होतो. सबंध हिवाळा मी एकच गोष्ट पक्की करत बसलो होतो, की हा माणूस माझ्यावर रागावलेला असला तरी चालेल, पण रागावायला असू दे.

"पुन्हा तसाच प्रसंग आला," ते म्हणाले, "तर काय करशील?"

खोटं बोलता आलं असतं. पण खोटं बोलून माझं काय झालं होतं ते मी पाहिलं होतं.

"तेच करीन सर."

त्यांनी मान हलवली. हो म्हणून नाही, नाही म्हणूनही नाही. नुसतीच.

"मी तुला माफ केलेलं नाही. कळलं?"

"कळलं सर."

"परत गेल्यावरही करणार नाही."

"नका करू सर."

तिकडे कुणीतरी आउट झालं आणि भांडण सुरू झालं. चेंगप्पा सरांनी काठी पाहिली, अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला असलेल्या संडासाकडे पाहिलं, आणि एक अस्सल कूर्गी शिवी हासडली.

"ह्या काठीनं काखेत फोड आलेत. ऊठ. खांदा दे."

मी उठून त्यांच्या बाजूला वाकलो. त्यांनी काठी भिंतीला लावून ठेवली, माझ्या मानेभोवती हात टाकला, आणि आपलं सगळं वजन माझ्यावर सोडलं. सगळं. मी गुडघ्यात वाकलोच जरा.

"सरळ चाल," ते म्हणाले.